नथू मास्तरांचा डावा हात

नथू मास्तर मी पहिल्यांदा पाहिले ते मार खाताना.

शाळेच्या अंगणात ते मांडी घालून बसले होते. डावा हात पुढे पसरलेला, तळवा आभाळाकडे. समोर एक पोरगं निर्गुडीची छडी घेऊन उभं, नाकातून शेंबूड, डोळ्यांतून पाणी. शेजारी दुसरं पोरगं, त्याचा ओठ फुटलेला. आणि मास्तर ओरडताहेत, "जोरमा मार! हळू मारशी ते आखो मारनं पडी." सट्ट करून छडी बसली. मास्तरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली, पण हात हलला नाही. "आखो एक." पुन्हा सट्ट. मग त्या पोरानं छडी टाकून दिली आणि ते मास्तरांच्याच मांडीत तोंड घालून रडायला लागलं.

मी डोक्यावर गाठोडं घेऊन कुंपणाशी उभी. मामाला म्हटलं, "माय वं! हाऊ मास्तर शे का येडा शे?" मामा म्हणाला, "गुपचूप ऱ्हाय. याच शाळामा तुले भाकरी थापाले ठेवनी शे."

मी तिथं कशी पोचले ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझं सासर म्हसावदकडचं. घरी खाऊनपिऊन सुखी, पण नवरा पिऊन आला की हातात सापडेल ते घ्यायचा. कधी वखराचं लाकूड, कधी पाटा. एकदा चुलीतलं जळतं लाकूड घेतलं, त्याची खूण अजून माझ्या दंडावर आहे. सासू दारात बसून तांदूळ निवडत राहायची. मामानं मला तिथून काढलं आणि तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, या शाळेत आणून सोडलं. तेव्हा मी विशीचीही नव्हते. पोरं मला सुकामावशी म्हणायला लागली, आणि मास्तर म्हणायचे बहिन.

ती शाळा काही सरकारी नव्हती. ते दिवस चरख्याचे आणि खादीचे. धुळ्याच्या एका वकीलसाहेबांनी आणि त्यांच्या मंडळींनी ती काढलेली. गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती. अर्धी पोरं सपाटीवरच्या शेतकऱ्यांची, अर्धी डोंगरातली. सगळी एका पंगतीला जेवायची, एका रांगेत झोपायची. भिंतीवर गेरूनं नियम लिहिलेले होते. दारू नको, मांस नको, शिवी नको. आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत: हात उगारणार नाही. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. भाकरी थापता थापता समोर तीच भिंत दिसायची, आणि पोरं रोज सकाळी ते मोठ्यानं म्हणायची, त्यावरून मी अक्षरं जुळवत गेले. आयुष्यात मी वाचलेलं पहिलं वाक्य ते. मला वाटलं, हे वाक्य माझ्या सासरच्या भिंतीवर कुणी का लिहिलं नाही?

पण नियम लिहिला म्हणून पोरं ऐकतात थोडीच! मारामाऱ्या रोज व्हायच्या. सपाटीची पोरं घरून मार खाऊन आलेली, ती मारायला शिकूनच यायची. चावायची, ढेकळं फेकायची, एकमेकांची डोकी भिंतीवर आपटायची. त्यावर मास्तरांचा उपाय तो तुम्ही पाहिलाच. ज्यानं मारलं त्यानं छडी घ्यायची आणि मास्तरांच्या डाव्या हातावर मारायची. उजवा हात लिहायला लागतो म्हणून डावा. मास्तर प्रत्येक वेळी तेच बोलायचे. "तू त्याले मारं, म्हंजे मन्हं शिकाडनं कमी पडनं. कमी कोन पडनं? मी. मंग मार कोन खाई? ले छडी."

संध्याकाळी मी त्यांच्या हाताला हळद-तेल लावायला द्यायची. तळवा सुजून जांभळा झालेला असायचा. एकदा मी विचारलंच, "मास्तर, हाई कुठनी रीत?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

आधी ते सपाटीवरच्या एका गावात सरकारी मास्तर होते, आणि मारके म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. पोरं त्यांची चाहूल लागली की मुतायची. ओल्या चिंचेचा फोक, नाही तर उघडा हात. एका पोराच्या कानाखाली असा ठेवून दिला की कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. मास्तरांना रात्रभर झोप नाही. सकाळी ते त्या पोराच्या घरी गेले, बापाच्या पायांवर डोकं ठेवायचं, मारलं तर मार खायचा, असं ठरवून. बापानं खाट टाकली, गुळाचा चहा केला, आणि म्हणाला, "बरं करं मास्तर. आखो दोन ठेवी देवाले पाहिजे व्हत्या. पोऱ्या सुधरी जाई."

"बहिन," मास्तर मला म्हणाले, "त्यानी मले मारं असतं ना, ते मी सुटी जातू. त्यानी चहा पाजा."

मग नोकरी सोडली, कोरीट गावातलं घर सोडलं, आणि त्या न मिळालेल्या माराची भरपाई पोरांच्या हातून करून घ्यायला ते इथं येऊन बसले. हे माझं म्हणणं. ते असं कधी म्हणाले नसते.

सपाटीच्या पोरांवर हा उपाय चालायचा, खोटं कशाला बोलू! एकदा मास्तरांना मारलेलं पोर सहसा पुन्हा कुणाच्या अंगावर जात नसे. डोंगरातल्या पोरांची गोष्ट निराळी होती, आणि ती आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. त्या पोरांना घरी कुणी मारत नाही. लेकराला हात लावणं त्यांच्यात हलकं समजतात. त्यामुळे ती भांडायची कमी, आणि मास्तरांना मारायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ती आली दित्यावर.

दित्या बारा-तेरा वर्षांचा, काटक, हसरा. त्याच्या बापाचं नाव वेस्ता, वरच्या पाड्यावरचा. दित्याकडूनच मी त्यांची बोली शिकले; मी त्याला भाकरी जास्तीची द्यायची, तो मला शब्द द्यायचा. सपाटीचा पंडित नावाचा एक दांडगा पोरगा होता. त्यानं एके दिवशी पंगतीत दित्याला म्हटलं, "तुन्ही माय डाकीण शे. तिनी तुन्हा भाऊले खादं." दित्याचा धाकटा भाऊ तापानं नुकताच गेला होता. दित्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. शेजारची पाटी उचलली आणि पंडितच्या डोक्यात घातली. पाटी दुभंगली, डोकंही फुटलं. वरणाच्या भांड्यात रक्त पडलं. मी पदर फाडून त्याचं डोकं बांधलं तरी ते थांबेना.

मास्तर आले. पंडितला निजवलं. आणि मग अंगणात मांडी घालून बसले, डावा हात पुढे केला. "दित्या, ले छडी."

दित्यानं मान हलवली. नाही.

"तू त्याले मारं, म्हंजे मन्हं..."

"मास्तर, नको," दित्या म्हणाला. एवढंच दोनदा म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. मला वाटलं, लाजतोय. मास्तरांनाही तेच वाटलं. त्यांनी आवाज चढवला. अर्धा तास ती ओढाताण चालली. शेवटी मास्तरांनी छडी त्याच्या मुठीत कोंबली आणि म्हणाले, "जोपावत मारत नही, तोपावत मी पानी पेवाव नही."

दित्यानं डोळे मिटले आणि मारलं. जीव खाऊन मारलं. छडीचं टोक चिरलेलं होतं. ते अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातड्यात घुसलं आणि फाडत बाहेर आलं. रक्ताची धार मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून जमिनीवर. दित्यानं डोळे उघडले. तो मास्तरांच्या हाताकडे बघत नव्हता, जमिनीवर पडलेल्या रक्ताकडे बघत होता. मग असा किंचाळला की झाडावरचे बगळे उडाले, आणि कुंपणावरून उडी मारून डोंगराकडे पळाला.

"यी परत," मास्तर म्हणाले. "रडी लेई, यी."

तो आला नाही. आठवडा झाला. दुसरी डोंगरातली पोरंही एकेक करून गेली, न सांगता. मास्तरांच्या हाताला पू झाला, अंगठा वाकेना, पण त्यांना त्याचं काही नाही. जेवताना घास हातात धरून बसायचे. "पोऱ्याले मी पळाडं, बहिन." शेवटी एका सकाळी म्हणाले, "चाल, आपुन त्याले लई येऊत. तुले बोली येस."

आम्ही दोघं निघालो. पाड्यावर पोचलो तर माणूस नाही. कोंबडी नाही, कुत्रं नाही, गुरांच्या खुंट्याला नुसते दोर. घरांची दारं उघडी, धान्याच्या कणग्या रिकाम्या. मास्तर म्हणाले, "तळोदाना बाजारले गया व्हतीन." मी म्हटलं, "कुत्रासंगे?" तेवढ्यात वरून शीळ आली, आणि मास्तर माझ्या अंगावर कोसळले. त्यांच्या खांद्यात, हाडाच्या खाली, बाण उभा होता. पिसं थरथरत होती.

मी बोंब मारली. त्यांच्याच बोलीत बोंब मारली, "आम्ही दोघंच आहोत! मारू नका! मास्तर आहे!"

दगडांमागून माणसं उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात ताणलेलं धनुष्य. बायांच्या हातात विळे. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या मागच्या वाटेकडे बघत होती. पुढे आला तो वेस्ता. त्याची बोली मी इथं आपल्या भाषेत सांगते. तो म्हणाला, "तुझे भाऊ कुठं लपलेत?"

मी मास्तरांना सांगितलं. खांद्यात बाण घेऊन मास्तर चक्रावून म्हणाले, "मन्हा भाऊ? त्या कोरीटले शेतस. कापूस येची ऱ्हायनात व्हतीन."

मी ते तसंच वेस्ताला सांगितलं. त्यांच्यात कुजबुज झाली. कुणाला पटेना. मग त्यांचा म्हातारा पाटील पुढे आला, मास्तरांच्या शेजारी उकिडवा बसला, आणि त्याच्या तोंडून आम्हाला सगळं कळलं.

त्यांच्यात कुणी कुणाचं रक्त जमिनीवर सांडलं की ते वैर. ज्याचं रक्त सांडलं त्याचे भाऊबंद येतात, घरं जाळतात, गुरं नेतात, सापडेल त्याला कापतात. नुसता राग नाही तो, रीतच तशी आहे. आणि इथं तर पोरानं अन्न देणाऱ्या माणसाचं रक्त सांडलं होतं. पाड्यावर त्या दिवसापासून चूल पेटली नव्हती. गुरं, धान्य, लेकरं दरीत नेऊन ठेवली होती, आणि सगळा पाडा धनुष्यं ताणून नथू मास्तरांच्या भावांची वाट बघत बसला होता. कोरीटचे ते बिचारे भाऊ! त्यांना मास्तरांचा हात दुखावलाय हेही ठाऊक नव्हतं.

"दित्या कुठंय?" मी विचारलं.

मोहाच्या झाडाखाली त्याला बांधलं होतं. वैर मिटेपर्यंत त्याला कुणाच्या उंबऱ्याच्या आत घेता येत नव्हतं. आई लांबून भाकरीचा तुकडा फेकायची. पोरगं काडीसारखं झालं होतं. मास्तरांना बघून त्यानं तोंड झाडाकडे वळवलं.

म्हाताऱ्यानं मास्तरांचा बाण ओढून काढला. मास्तर गुरासारखे ओरडले. जखमेत चावलेला पाला कोंबून झाल्यावर वेस्तानं दित्याला सोडून आणलं, त्याचा उजवा हात एका ओंडक्यावर ठेवला, आणि कुऱ्हाड मास्तरांच्या पायाशी टाकली. म्हणाला, "ज्या हातानं मारलं तो घे. पण पाड्याला सोड."

त्याचा आवाज हलला नाही. मागं त्याची बायको मातीत लोळत होती, तिचं तोंड दोन बायांनी दाबून धरलं होतं.

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "त्यास्ले सांग बहिन, मी माफ करं. मन्हा मनमा काहीच नही."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "माफ केलं म्हणणारा माणूस होळीला येतो. आपण नाचत असतो तेव्हा धनुष्य घेऊन येतो. माफ नको. हात घे, नाही तर द्रोण घे."

द्रोण म्हणजे काय, तर बकरा कापायचा, त्याच्या रक्ताचा ठिपका दोघांच्या कपाळाला लावायचा, आणि पळसाच्या एका पानाच्या द्रोणातून मोहाची दारू प्यायची. अर्धी ज्याचं रक्त सांडलं त्यानं, अर्धी ज्यानं सांडलं त्यानं. मग वैर संपलं. नुसतं संपलं नाही, ती दोन घरं भाऊ झाली.

मास्तरांनी खाली मान घातली. दारू नको, हे त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहिलेलं. त्यांनी शपथ घेतलेली, वकीलसाहेबांपुढे, सगळ्यांपुढे. ते म्हाताऱ्याला पाण्याचं विचारून बघायला लागले, ताकाचं, दुधाचं. म्हातारा ऐकून घेत होता आणि कुऱ्हाडीकडे बोट दाखवत होता. दित्याचा हात ओंडक्यावर तसाच होता. तो काढून घेत नव्हता, हे माझ्यानं बघवेना.

मग मी बोलले. "मास्तर, दारूना वास उना ते मन्हं आंग आजून कापस. मन्हा दंडवर काय शे, तुम्हले माहीत शे. तरी सांगस. पेई ल्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "आन."

बकरा कापला. द्रोण आला. मास्तरांनी बोटानं थोडी धरतीला शिंपडली, म्हाताऱ्यानं दाखवली तशी, आणि अर्धा द्रोण एका दमात प्याले. त्यांना असा ठसका लागला की डोळे बाहेर आले. उरलेली दित्या प्याला. सगळा पाडा ओरडला, ढोल वाजला, वेस्ता मास्तरांच्या गळ्यात पडला, नेमका दुखऱ्या खांद्याच्या बाजूनं, आणि मास्तर पुन्हा गुरासारखे ओरडले. त्यावर सगळे हसले. दित्याची आई येऊन माझ्या पायांवर पडली, मी तिला उचललं, आम्ही दोघी खूप रडलो.

उतरताना मास्तरांचे पाय ठरत नव्हते. त्यांची दारू उतरली नव्हती की मनच उतरलं होतं, कोण जाणे. एका दगडावर बसले. म्हणाले, "बहिन, मी समजू, मी मार थांबाडी ऱ्हायनू. मी तर पोरेस्ले माराले शिकाडं. जोरमा मार, म्हने." मी विचारलं, "मंग आते मारामारी व्हयनी ते काय करशात?" त्यांनी डावा हात उलटा करून बघितला. मग म्हणाले, "मले माहीत नही." आजवर मी कुठल्या मास्तराच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून छडी बंद. भांडण झालं की सगळी पोरं गोल बसायची, मारणारा बोलायचा, मार खाणारा बोलायचा, आणि काय करायचं ते पोरंच ठरवायची. डोंगरातली पोरं याच्यात तरबेज, त्यांनी घरी हेच पाहिलेलं. पंडितनं दित्याच्या आईबद्दलचा शब्द सगळ्यांदेखत मागं घेतला. वेस्तानं आणखी पोरं आणून सोडली. मी चुलीपुढून उठतच नव्हते, एवढ्या भाकरी लागायच्या. बरे दिवस होते.

पण गोष्ट लपणारी नव्हती, कारण लपवावी असं डोंगरातल्यांना वाटलंच नाही. ते बाजारात अभिमानानं सांगायचे, मास्तर आमच्या द्रोणातून प्याला, आमचा भाऊ झाला. पंडितच्या बापानं ते ऐकलं आणि धुळ्याला कळवलं. वकीलसाहेब आले. उंच, गोरे, पांढरीशुभ्र खादी. ओसरीवर बसून त्यांनी मास्तरांना उभं केलं. मी आत चुलीशी होते, शब्द न् शब्द ऐकला.

"दारू प्यालात?"

"प्यालो."

"त्यांनी बळजबरी केली असेल. तसं असेल तर सांगा. मी इथून थेट फौजदाराकडे जातो. आणि खांद्याला काय झालंय? बाण लागला म्हणे?"

आता इथं सांगायला हवं. आदल्या सालात शेजारच्या डोंगरात एका शिपायाला दगड लागला होता. मग फौजदार तुकडी घेऊन वर गेला. मी ती माणसं खाली उतरताना पाहिली आहेत. पुरुषांचे हात मोडलेले, एका म्हातारीचे केस जळालेले, एका बाईच्या कडेवर लेकरू होतं ते मेलेलं होतं आणि ती ते खाली ठेवायला तयार नव्हती. मास्तरांनीही ते पाहिलं होतं. बळजबरी हा एक शब्द तोंडातून निघाला असता तर मास्तरांची नोकरी वाचली असती, आणि वेस्ताच्या पाड्याचं तेच झालं असतं.

मास्तर म्हणाले, "बांबूच्या खुंटावर पडलो. दारू मी माझ्या मनानं प्यालो. मागून घेतली."

वकीलसाहेब लाल झाले. शाळा बाटवली, संस्थेला काळं फासलं, आजच्या आज चालते व्हा. त्यांचा आवाज पार ओढ्यापर्यंत गेला असेल. मास्तर ऐकून घेत होते. बाहेर पोरं गोळा झाली होती, त्यांत दित्या होता. तो केव्हा सटकला ते मला कळलं नाही.

ओरडून झाल्यावर वकीलसाहेबांना भूक लागली. मी पान वाढलं. ते दोन घास खातात न खातात तोच मी मागच्या दारातून बघितलं. कुंपणाबाहेर वेस्ता उभा होता. त्याच्यामागे पाड्यावरचे झाडून सगळे पुरुष. ते बाजाराला निघालेले, दित्यानं त्यांना ओढ्यावर गाठलं होतं. धनुष्यं खांद्यावर नव्हती, हातात होती.

मास्तर बाहेर गेले. मी मागोमाग.

वेस्ता म्हणाला, "त्यानं तुला हाकललं?"

"हो."

"तुझा वैरी तो आमचा वैरी. त्याला किती भाऊ आहेत?"

मास्तरांना आता तेवढी बोली येत होती. ते म्हणाले, "हात खाली घे, वेस्ता." वेस्तानं घेतला नाही. म्हणाला, "तू आमच्या पोराचा हात वाचवलास. आता तू बोलू नको." एकानं बाण दोरीला लावलासुद्धा. छपराखाली, कुडाच्या फटीतून, वकीलसाहेबांची पांढरी पाठ दिसत होती. एवढी पांढरी, की लहान पोरालाही नेम धरता आला असता.

मास्तरांनीही तिकडं बघितलं. मग एकदम म्हणाले, "तो जेवतोय. माझ्या घरचं जेवतोय."

सगळे थांबले. जेवणाऱ्याला मारत नाहीत, हे त्यांच्यात आहे. घास तोंडात असेपर्यंत तो पाहुणा.

वेस्ता म्हणाला, "मग जेवू दे. आम्ही थांबतो."

मास्तर माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बहिन, वाढत ऱ्हाय."

मी आत धावले. वकीलसाहेब हात धुवायला उठतच होते. मी ताटात भाकरी टाकली. "पुरे, पुरे, बाई." "अशी कशी पुरे? एवढ्या लांबून आलात." वरण ओतलं. "अहो, पोट भरलं माझं." "मिरचीचा ठेचा चाखलाच नाही." वरून अजून एक भाकरी. त्यांना वाटलं असेल, अडाणी बाई आहे, आग्रह कसा करावा हे कळत नाही. मी घामानं निथळत होते. एक कान बाहेर. बाहेर मास्तर बोलत होते, वेस्ता बोलत होता, मध्येच सगळे एकदम बोलत होते. वकीलसाहेब म्हणाले, "काय गोंगाट आहे?" मी म्हटलं, "बाजारची माणसं आहेत, पाणी मागताहेत. तुम्ही घास घ्या." त्यांनी घेतला. असं माणसाला मी कधी वाढलं नाही, आणि पुन्हा वाढायची वेळही येऊ नये.

मग बाहेर शांत झालं. मी फटीतून बघितलं. बाण काढून घेतले होते. काय ठरलं ते मला नंतर दित्यानं सांगितलं. वेस्ता म्हणाला होता, त्यानं तुला घरातून काढलं, तर तुला घर पाहिजे. घर नसेल तर वैर आहे, घर असेल तर वैर नाही. तू आमच्यात ये, मग हा जेवून उठला तरी आम्ही त्याला काही करत नाही. कोरीटला जायची बैलगाडी दारात उभी होती. मास्तरांनी तिच्यातलं आपलं अंथरूण उतरवून घेतलं.

वकीलसाहेब ढेकर देत ओसरीवर आले. मास्तर त्या माणसांच्या मधून डोंगराकडे चालले होते, डाव्या हाताला दित्या. वकीलसाहेब म्हणाले, "बघा. शेवटी गेला तो दारुड्यांतच."

मी त्यांच्या हातांवर पाणी घातलं. काय सांगणार होते? सांगितलं असतं तर फौजदार वर गेला असता. ते पुढे मोठे झाले, सभांतून बोलले, नातवंडं पाहिली. त्या दुपारी आपण का वाचलो, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

मास्तर काही पावसाळे त्या पाड्यावर राहिले. मोहाखाली पोरं जमवायचे. मग हिवतापानं गेले. दित्या सांगायला आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं होतं. डोकं तुळतुळीत भादरलेलं, आणि मागे उभ्या वेस्ताचंही. मी विचारलं, "शेवटाला काय बोलले?" दित्या म्हणाला, "तापात बडबडत होते, मावशी. म्हणत होते, वाढत ऱ्हाय, वाढत ऱ्हाय."